कमरेला दोन फिती

१६ ऑक्टोबर २०२३, सोमवार. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं १४१वं अधिवेशन भरलं होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच नवे खेळ घ्यायचे की नाहीत, यावर मतदान झालं. विरोधात फक्त दोन मतं पडली. १९०० साली पॅरिसला एकदाच खेळलं गेलेलं क्रिकेट पुन्हा ऑलिंपिकमध्ये आलं, आणि आपल्याकडे साहजिकच सगळी चर्चा झाली ती त्याचीच. त्याच ठरावात बेसबॉल-सॉफ्टबॉल, लॅक्रॉस आणि स्क्वॉशबरोबर आणखी एक नाव होतं, फ्लॅग फुटबॉल. मुंबईत मंजूर झालेल्या या खेळाची ओळख महाराष्ट्रात अजून फार थोड्यांना आहे. त्याचा इतिहास मात्र आपण जरूर वाचावा असा आहे, कारण मुलांचा खेळ महाग कशाने होतो आणि स्वस्त कशाने होतो, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

आधी खेळ काय आहे ते पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळणाऱ्याला धडक मारून, मिठी घालून जमिनीवर पाडतात. त्याला टॅकल म्हणतात. फ्लॅग फुटबॉलमध्ये पाडायचं नाही, धक्काही द्यायचा नाही. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा असतो आणि पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक फीत लटकत असते. चेंडूवाल्याची फीत ओढून काढली की चाल तिथेच संपली. जुन्या पट्ट्यांवर फिती वेल्क्रोने चिकटवलेल्या असत. आताच्या पट्ट्यांत रबरी बुचासारखा खटका असतो, फीत निघाली की ‘पॉक्’ असा आवाज येतो आणि पंचाला डोळ्यांइतकाच कानांचाही आधार मिळतो. शर्ट आत खोचलेला हवा. चड्डीला खिसे नकोत, कारण ओढणाऱ्याची बोटं खिशात अडकून मोडू शकतात. पळताना आपल्या फितीवर हात धरून ती झाकायची नाही. ऑलिंपिकमध्ये खेळला जाणारा प्रकार पाच विरुद्ध पाचचा आहे. मैदान ५० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद, शिवाय दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची गुण मिळवण्याची पट्टी. कबड्डीत चढाईपटू जसा कमरेतून वळून हात चुकवतो, तसं इथे फितीपर्यंत येणारा हात चुकवावा लागतो. आडदांडपणाचा इथे काही उपयोग नाही.

या साध्या खेळाच्या मागे सव्वाशे वर्षांची भीती उभी आहे. १९०५च्या हंगामात अमेरिकेत फुटबॉल खेळताना सुमारे अठरा तरुणांचा जीव गेला. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या संघात खेळत होता. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली. उद्देश एवढाच, की गर्दीच्या मध्यभागी एकमेकांवर कोसळणारी माणसं जरा पांगावीत. आजचा फ्लॅग फुटबॉल जवळजवळ पूर्णपणे या पासवर उभा आहे.

पण टॅकल गेलं नाही, आणि त्याला उत्तर म्हणून संरक्षक साहित्य वाढत गेलं. आधी चामड्याची टोपी होती. १९३९मध्ये जॉन रिडेल यांनी प्लॅस्टिकचं हेल्मेट आणलं, १९४३मध्ये व्यावसायिक लीगने, म्हणजे एनएफएलने, हेल्मेट सक्तीचं केलं. कवटी फुटण्याचं प्रमाण कमी झालं, पण डोकं सुरक्षित आहे असं वाटू लागल्यावर खेळाडू डोक्यानेच धडक मारू लागले. १९६८ या एका वर्षात ३६ खेळाडू दगावले. त्यानंतर हेल्मेटसाठी राष्ट्रीय मानकं आली, ठरावीक काळाने ती तपासून दुरुस्त करून घ्यायची पद्धत आली. प्रत्येक सुधारणा गरजेचीच होती, पण प्रत्येक सुधारणेबरोबर मुलाला मैदानात उतरवण्याचा खर्चही वाढला. हेल्मेट, खांद्याची पॅडं, मांड्या-गुडघ्यांची पॅडं, दातांचं कवच. मुलं वाढतात, साहित्य लहान पडतं, पुन्हा नवीन घ्यावं लागतं. एका शाळेच्या संघात चाळीस-पन्नास मुलं असतात, त्यामुळे हा आकडा किती होतो ते सहज लक्षात येईल.

मुलांचा संघटित फुटबॉल सुरू झाला तो मात्र अगदी गरिबाघरच्या पोरांसाठी. १९२९मध्ये फिलाडेल्फियातल्या एका कारखान्याच्या शंभराहून अधिक काचा पोरांनी दगड मारून फोडल्या होत्या. बाजूच्या मोकळ्या जागेत त्यांचा अड्डा असे. कारखान्याच्या मालकांनी जोसेफ टॉमलिन या आपल्या मित्राचा सल्ला घेतला. टॉमलिन स्वतः खेळाडू होते. त्यांनी पहारेकरी नेमायला सांगितलं नाही. आसपासच्या कारखानदारांनी मिळून पोरांसाठी फुटबॉलची लीग चालवावी, असं सुचवलं. पहिल्या वर्षी चार संघ उतरले. १९३४मध्ये या लीगला ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर या नामवंत प्रशिक्षकाचं नाव मिळालं आणि पुढे पॉप वॉर्नर म्हणजेच अमेरिकेतला मुलांचा फुटबॉल असं समीकरण झालं. खर्च कुणी केला, तर ज्यांच्या काचा फुटत होत्या त्यांनी. आईबापांवर तो आला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फितीचा खेळ जन्मला तो मात्र सैन्यात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात मेरीलँडमधल्या फोर्ट मीड या लष्करी तळावर तो खेळला जात असे आणि तिथूनच पसरला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. कारण सरळ होतं. सैनिकांना रग जिरवायला खेळ हवा, आणि आघाडीवर पाठवायच्या माणसाचा गुडघा मैदानात मोडलेला कुणालाच नको. युद्ध संपल्यावर हे जवान घरी परतले, महाविद्यालयांत गेले आणि हौशी लीग उभ्या राहिल्या. फीत न लावता नुसता हात लावून ‘बाद’ करायचा टच फुटबॉलही घरोघरच्या हिरवळीवर रुजला. केनेडी कुटुंबाचे हायनिस पोर्टच्या अंगणातले सामने तर जगभर छायाचित्रांतून गेले. तरीही पुढची कित्येक वर्षं हा प्रकार सुट्टीच्या दिवशीचा विरंगुळाच राहिला. मर्दानी खेळ तो टॅकलचाच, ही समजूत पक्की होती. एनएफएलने १९९६च्या सुमारास मुलांसाठी एनएफएल फ्लॅग हा उपक्रम काढला, तोही मोठ्या खेळाची पहिली पायरी म्हणूनच.

समजूत हलली ती पिट्सबर्गच्या शवागारात. सप्टेंबर २००२मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचे नावाजलेले खेळाडू माइक वेब्स्टर वयाच्या पन्नाशीत वारले. अखेरच्या काळात त्यांची स्मृती गेली होती, राहायला घर उरलं नव्हतं. मूळचे नायजेरियाचे डॉ. बेनेट ओमालू यांनी त्यांचा मेंदू तपासला. वारंवार बसलेल्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार त्यांना त्यात दिसला आणि २००५मध्ये त्यांनी तो शोधनिबंधातून मांडला. एनएफएलशी संबंधित डॉक्टरांनी निबंध मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. ओमालू मागे हटले नाहीत. २०१३मध्ये लीगने माजी खेळाडूंच्या दाव्यांपोटी ७६.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. २०१७मध्ये बोस्टन विद्यापीठातल्या डॉ. अॅन मॅकी यांनी अभ्यासलेल्या १११ माजी एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११०मध्ये सीटीई सापडला. हे मेंदू बहुतेक त्रास दिसलेल्या कुटुंबांनीच दान केलेले होते, त्यामुळे हे प्रमाण सगळ्या खेळाडूंना लागू करता येत नाही. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मुलाच्या फॉर्मवर सही करणाऱ्या आईला एवढी आकडेवारी पुरेशी होती.

लहान मुलांचं वेगळं काय, हा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या, सीडीसीच्या, २०२१मधल्या अभ्यासाने दिलं. सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या डोक्याला बसणारे हादरे संवेदकांनी मोजले. टॅकल खेळणाऱ्या मुलाला हंगामात ३७८ हादरे, फ्लॅग खेळणाऱ्याला ८. हे मध्यक आकडे आहेत. इतक्या सरळ निकालावर आणखी वाद घालण्यासारखं काही उरत नाही, असं माझं मत आहे. तरी वाद झालाच. कॅलिफोर्नियात बारा वर्षांखालच्या मुलांना टॅकलबंदी करणारं विधेयक २०१८मध्ये मागे घ्यावं लागलं, आणि तसंच दुसरं २०२४मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी सही करणार नाही असं सांगितल्यावर थंडावलं. कायद्याने जे केलं नाही ते आईबापांनी केलं. २०१८च्या आसपास सहा ते बारा वयोगटात नियमित फ्लॅग खेळणाऱ्यांचं प्रमाण टॅकल खेळणाऱ्यांच्या पुढे गेलं. विमा कंपन्याही मेंदूच्या दुखापतीपासून अंग काढून घेऊ लागल्या, त्यामुळे टॅकलच्या लीग चालवणं आणखी अवघड झालं.

इथे एक गोष्ट घडली, ती मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचते. फ्लॅग हा स्वस्त खेळ. चेंडू, पट्टे, चार खुणेचे शंकू, झालं. संपूर्ण संघाचं साहित्य टॅकलच्या एक-दोन मुलांच्या साहित्याच्या पैशात येतं. मग गरीब वस्त्यांनी तो आधी उचलायला हवा होता. झालं उलट. आपल्या मुलांना टॅकलमधून आधी बाहेर काढलं ते उपनगरांतल्या शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांनी. गरीब वस्त्यांत, विशेषतः दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत, टॅकल म्हणजे कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा एक दिसणारा रस्ता होता. फ्लॅग खेळून कुठलं कॉलेज बोलावणार? हातात पट्टा ठेवणं सोपं होतं, पण त्या पट्ट्यापुढे वाट हवी होती, आणि ती नव्हती.

ती वाट काढली मुलींनी.

फ्लोरिडाच्या शालेय क्रीडा संघटनेने मुलींच्या फ्लॅग फुटबॉलला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली आणि २००३पासून राज्य अजिंक्यपद सुरू झालं. त्याआधी शाळांत मुलींच्या वाट्याला यायचा तो वर्षातून एखादा गमतीचा सामना, त्यात मुलं चीअरलीडर होणार आणि प्रेक्षक हसणार. आता गणवेश आला, वेळापत्रक आलं, पंच आले. पण गंमत म्हणजे विरोध आला तो मुलींच्या क्रीडाहक्कांसाठी झटणाऱ्यांकडूनच. शिक्षणात लिंगभेद नको असं सांगणारा टायटल नाइन हा कायदा १९७२चा. त्याचा आधार घेऊन लढणाऱ्या काही वकील आणि कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं, की हा स्वस्तातला पर्याय आहे. शाळा मुलींचा आकडा भरून काढतात आणि कॉलेजात नसलेला, शिष्यवृत्ती न देणारा खेळ त्यांच्या हाती देतात. त्यांची शंका चुकीची नव्हती. खेळ स्वस्त असला की तो द्यायलाही सोपा आणि दुर्लक्ष करायलाही सोपा. पण फ्लोरिडातल्या हजारो मुली खेळत राहिल्या. त्यांतल्या पुष्कळशा दुसरा कुठलाच खेळ न खेळलेल्या होत्या.

जॉर्जियाची कथा अधिक तपशिलाने सांगायला हवी, कारण तिथे पैशाचा प्रश्न नीट सोडवला गेला. २०१८मध्ये अटलांटा फाल्कन्स या संघाने ग्विनेट काउंटीच्या शाळांबरोबर मुलींसाठी प्रायोगिक लीग सुरू केली. संघाचे मालक आर्थर ब्लँक, होम डेपो या दुकानसाखळीचे एक संस्थापक. त्यांच्या कौटुंबिक प्रतिष्ठानने आर्थिक भार उचलला, आणि सुरुवातीचा खर्च शाळांच्या डोक्यावरून उतरला. मैदान शाळेचं होतंच, दिवे होते, बस होती, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. नवीन लागलं ते पट्टे, चेंडू, गणवेश आणि प्रशिक्षकाचं मानधन. दोन वर्षांत काउंट्या वाढल्या, २०२०मध्ये राज्य संघटनेने मान्यता दिली आणि त्याच डिसेंबरात पहिलं राज्य अजिंक्यपद झालं. घरच्यांना फारसं काही द्यावं लागलं नाही. फिलाडेल्फियाच्या कारखानदारांनी केलं होतं तेच, फक्त नव्वद वर्षांनी आणि मुलींसाठी.

पुढे वेग आला. फेब्रुवारी २०२१मध्ये नायकी आणि एनएफएलने मिळून ५० लाख डॉलरचा उपक्रम जाहीर केला. ज्या राज्य संघटना मुलींचा फ्लॅग फुटबॉल सुरू करतील त्यांना प्रत्येकी एक लाख डॉलरपर्यंतचं साहित्य मिळणार होतं. यात नवे प्रेक्षक, नवे ग्राहक मिळवण्याचा हिशेब होता हे उघड आहे, आणि तरीही पट्टे मुलींच्या कमरेलाच आले. त्याच वर्षी एनएआयए या लहान महाविद्यालयांच्या संघटनेने महिलांचा फ्लॅग फुटबॉल सुरू केला आणि शिष्यवृत्त्या आल्या. पहिलं विजेतेपद कॅन्सस राज्यातल्या ऑटवा विद्यापीठाने घेतलं. टायटल नाइनवाल्यांनी विचारलेल्या प्रश्नाला अठरा वर्षांनी उत्तर मिळालं. अलाबामा, अॅरिझोना, कॅलिफोर्निया अशी राज्यं एकामागून एक आली. देशभरात शाळांतून खेळणाऱ्या मुली २०२२-२३मध्ये २०,८७५ होत्या. पुढच्या वर्षी ४२,९५५ झाल्या आणि २०२४-२५मध्ये ६८,८४७.

अमेरिकेबाहेर हा खेळ आधीच मुरला होता. मेक्सिकोत त्याला लाडाने ‘तोचितो’ म्हणतात. तिथल्या मुली शाळा-विद्यापीठांतून वर्षानुवर्षं तो खेळत आल्या आहेत. मेक्सिको सिटीची डायना फ्लोरेस वयाच्या आठव्या वर्षी खेळू लागली आणि सोळाव्या वर्षी राष्ट्रीय संघात गेली. जुलै २०२२मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला ऑलिंपिकबाहेरच्या खेळांचे वर्ल्ड गेम्स झाले. अंतिम सामन्यात समोर अमेरिका, मैदान अमेरिकेचं, खेळही अमेरिकेचा. फ्लोरेसच्या मेक्सिकोने ३९-६ असा निकाल लावला. हा योगायोग नव्हता. बाजारातल्या क्लबांत न अडकता हा खेळ शिक्षणसंस्थांत वाढला, त्याचं ते फळ होतं. जपानने तर २०११पासून लागू झालेल्या प्राथमिक शाळांच्या शारीरिक शिक्षणाच्या मार्गदर्शिकेतच फ्लॅग फुटबॉल घेतला. तिथे तो पोरांना तासिकेत भेटतो, वेगळी फी नाही, वेगळा प्रवास नाही.

आणि आता जुनाच प्रश्न नव्या रूपात परतला आहे. हेल्मेट गेलं, पण खर्च गेला नाही, त्याने जागा बदलली. ऑलिंपिकचा शिक्का बसल्यावर खासगी क्लब, निवड चाचण्या, हिवाळी शिबिरं, खास प्रशिक्षक आणि वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा आल्या. साध्या वस्तीतल्या लीगमध्ये हंगामाची फी शंभर-दोनशे डॉलर असते. फिरत्या संघात गेलं की विमान, हॉटेल, प्रवेशशुल्क असा आकडा कुठच्या कुठे जातो. एनएफएल फ्लॅगचं राष्ट्रीय अजिंक्यपद भरतं, सामने दूरचित्रवाणीवर दिसतात, आणि तिथवर पोहोचणाऱ्या कुटुंबाला उन्हाळ्याची सुट्टी आणि बचत दोन्ही त्यात घालावी लागतात. अॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या प्रोजेक्ट प्ले या उपक्रमाने २०२४मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकी कुटुंब मुलाच्या मुख्य खेळावर वर्षाला सरासरी १,०१६ डॉलर घालत होतं. २०१९पेक्षा ही वाढ ४६ टक्के. हा आकडा सगळ्या खेळांचा आहे. फ्लॅगला त्यातून सुटण्याची संधी होती, कारण त्याची जात मुळात बिनखर्चाची. ती संधी हातची जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना हे थोपवायचं आहे त्यांचे मार्ग साधे आहेत. शाळांना पट्टे, चेंडू आणि शिक्षकांसाठी पाठ यांचा संच मोफत द्यायचा, ही योजना एनएफएलच्या प्रतिष्ठानने काही वर्षांपासून चालवली आहे. काही लीग पट्टे हंगामाअखेर परत घेतात आणि पुढच्या मुलांना देतात. भावंडांची फी कमी करतात, आईबापांतल्याच कुणाला प्रशिक्षण देऊन कोच करतात, सगळे सामने एकाच मैदानावर शनिवारी उरकतात म्हणजे गाडीचं पेट्रोल वाचतं. सुटसुटीत नियमांमुळे पाच-पाचांचे अनेक सामने एका मोठ्या फुटबॉल मैदानावर आडवे आखून एकाच वेळी खेळवता येतात, आणि मैदानाचं भाडं वाटलं जातं. चुना, दोरी आणि शंकू एवढ्यावर हे काम होतं.

लॉस एंजेलिसने मोठ्या पातळीवर एक करार केला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती आणि यजमान समिती मिळून शहरातल्या मुलांच्या खेळासाठी १६ कोटी डॉलरपर्यंत देणार आहेत. प्लेएलए नावाने हा पैसा महापालिकेच्या बागांतल्या आणि क्रीडांगणांतल्या वर्गांवर खर्च होतो, आणि मुलाला नाममात्र फी पडते. हा पैसा ऑलिंपिक झाल्यावर मागे काय उरलं हे मोजत बसण्यासाठी नाही. तो स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून खर्च व्हायला लागला. २०२८मध्ये पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ उतरतील, प्रत्येकात दहा जण. मे २०२५मध्ये एनएफएलच्या संघमालकांनी आपल्या खेळाडूंना त्यात खेळायला परवानगीही दिली, त्यामुळे पुरुषांच्या संघात कोट्यधीश तारे दिसू शकतील. महिलांच्या संघात मात्र ज्यांची नावं येतील, त्या बहुतेक सगळ्या अशाच शाळेच्या मैदानावरून, शाळेच्या बसमधून, शाळेने दिलेला पट्टा बांधून आलेल्या असतील.